तलवार का समशेर? शब्दकोड्यातल्या हत्यारांविषयी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं मी सहसा सोडत नाही. औशात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, ग्रिल, गेट, शटर, पत्र्याचे शेड असली कामं, अन् दुपारच्याला लाइट गेली की वेल्डिंग मशीन बंद, मग तेवढ्या वेळात चहा अन् कोडं. लोखंडाशी रोजची उठबस असल्यामुळं मागच्या रविवारी तुम्ही 'मध्ययुगीन शस्त्रे' हा खास विषय धरून कोडं छापलं अन् लेकरांच्या पानावर त्याच विषयाच्या गाळलेल्या जागा दिल्या ते बघून लई बरं वाटलं. विषय एक नंबर निवडला. पण साहेब, राग मानू नका, कोडं ज्यानं कुणी तयार केलं त्यानं ही हत्यारं नुसती नावानं गोळा केली, ती हातात कशी धरतात, कशी चालतात याचा विचारच केला नाही, अन् त्याच्यामुळं कोडं म्हणून पण ते फसलं. तेवढंच सांगायला हे पत्र. जरा लांबलंय, कात्री तुमच्या हातात आहे.

आता बघा, आडवा चार नंबर. सूचना काय, तर 'मध्ययुगातील एक शस्त्र', घरं चार. उभ्या शब्दामुळं शेवटचं अक्षर र येत होतं अन् बाकी तिन्ही घरांना कुठूनच आधार नाही. मी समशेर लिहिलं. दुकानातला पोरगा मोबाइलवर तेच पान उघडून बसला होता, त्यानं तलवार लिहिलं. त-ल-वा-र, स-म-शे-र, दोन्ही चार अन् दोन्हीच्या शेवटी र. चहाची पैज लागली. या रविवारी उत्तर आलं तलवार, चहा मला पाजावा लागला ते जाऊ द्या, पण समशेर चूक कशी ते कुणीतरी सांगावं. पुढं उभा नऊ नंबर, 'छोटे शस्त्र', घरं तीन, इथं पण शेवटी र. खंजीर बसतो अन् कट्यार पण बसते. उभा बारा नंबर, 'फेकण्याचे शस्त्र', दोन घरं, शेवटचं ला का टा ते कळायला मार्गच नाही, मग भाला लिहा नाहीतर विटा लिहा. असं असेल तर कोडं कसलं, ती लॉटरी झाली की.

अन् गंमत म्हणजे या जोड्या नुसत्या कागदावर सारख्या दिसतात, हातात घेतल्या तर एकमेकींशी काही संबंध नाही. आपली नेहमीची तलवार घ्या, मुठीच्या टोकाला गोल चकती असते, पात्याला बाक बेताचाच. समशेर इराणी वळणाची, पातं सडपातळ अन् चांगलंच वाकडं, मुठीला चकती नाही, मुठीचं टोक एका अंगाला वळलेलं. आपल्याकडची धोप तर अजून वेगळी, सरळ अन् लांब पात्याची. फिरंग म्हणजे पातं दर्यापल्याडचं, युरोपातून आलेलं, अन् मूठ इथल्या कारागिरानं बसवलेली. खांडा सरळ, रुंद, टोकाकडं जाताना अजून रुंद होत जाणारा. एवढी घरं भरायला माल पडलेला असताना 'एक शस्त्र' असं लिहून मोकळं व्हायचं हे काय बरोबर नाही.

कट्यार अन् खंजीर यांचं तर विचारूच नका. खंजीर साध्या मुठीचा, सुरीसारखा धरायचा, पात्याला वळण. कट्यारीची मूठ आडवी असते, दोन उभ्या पट्ट्यांच्या मधी एक नाहीतर दोन आडव्या दांड्या, शटर वर ओढायची कडी धरतो तशी ती मुठीत धरायची, मग पातं सरळ मुठीच्या पुढं येतं अन् बाजूच्या दोन पट्ट्या मनगटाला दोन्हीकडून आधार देतात. वार करायचा म्हणजे ठोसा मारायचा, सगळ्या खांद्याचं वजन टोकावर. त्याच्यामुळंच कित्येक कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चिलखताच्या कड्या फोडून आत शिरलं पाहिजे म्हणून. मी काय युद्धावर गेलेलो नाही पण लोखंडाची पट्टी कुठं वाकते अन् कुठं तग धरते हे मला रोज बघायला मिळतं, अन् ज्यानं पहिली कट्यार बनवली तो कारागीर म्हणून बाप माणूस असणार एवढं मी छातीठोक सांगतो. आता सूचनेत 'आडव्या मुठीची, ठोसा मारून खुपसायची' एवढे शब्द घातले असते तर खंजीर आपोआप बाद. जागा तर तेवढीच लागली असती.

विटा पण तसाच. भाला फेकला की गेला, विट्याला दोरी असते, दुसरं टोक फेकणाऱ्याच्या हाताला बांधलेलं, मारला की दोरीनं ओढून परत घ्यायचा. 'दोरीने माघारी येणारा भाला', झालं काम. गदा अन् गुर्ज याला धार नसते ते सगळ्यांना माहितीय, पण ते कशासाठी ते सूचनेत आलं तर लेकरांना कळंल की समोरचा माणूस लोखंडी कड्यांचं चिलखत घालून आला तर तलवारीची धार त्याच्यावर नुसती घसरते, मग जड डोक्याच्या गुर्जानं हाणायचं, चिलखत फाटलं नाही तरी आतलं हाड मोडतं. म्हणजे हत्याराला हत्यार का निघालं हे पण त्या एका ओळीत येऊन जातं.

तुमच्या कोड्यात काही शब्द इंग्रजी कोड्यातून उचललेले दिसले, लान्स म्हणजे घोडेस्वाराचा लांब भाला, क्रॉसबो, लाँगबो वगैरे. घ्या की, त्याला माझी हरकत नाही, ते पण मध्ययुगच आहे. पण तिथं पण तीच गत. 'युरोपातील धनुष्य', घरं तीन. क्रॉ-स-बो तीन, लाँ-ग-बो तीन, दोन्हीच्या शेवटी बो! अन् या दोन धनुष्यांत तर जमीन अस्मानाचा फरक. लाँगबो माणसाच्या उंचीएवढा, नुसत्या हाताच्या ताकदीनं ओढायचा, लहानपणापासून सराव लागतो पण बाण भराभर सुटतात. क्रॉसबो यंत्रासारखा, दोरी ओढून खटक्यात अडकवायची, नेम धरायचा, खटका दाबायचा, कुणीही थोड्या दिवसांत शिकतो, पण परत ताणायला वेळ जातो. १३४६ साली फ्रान्समधी क्रेसीला इंग्रजांचे लाँगबोवाले अन् जिनोआचे भाडोत्री क्रॉसबोवाले समोरासमोर आले तेव्हा याच कारणानं क्रॉसबोवाले मार खाऊन मागं फिरले, अन् १४१५ ला अ‍ॅजिनकोर्टला परत लाँगबोनंच फ्रेंच सरदारांचा बाजार उठवला. या क्रॉसबोची दहशत एवढी की ११३९ साली रोमला पोपनं भरवलेल्या धर्मपरिषदेत ख्रिश्चन माणसावर धनुष्य अन् क्रॉसबो चालवायला बंदी घातली होती, अर्थात ती कुणी पाळली नाही, बंदी कुठं पाळतात लोक. यातली एक गोष्ट जरी सूचनेत घातली असती तर एकच उत्तर उरलं असतं.

एक अजून, मध्ययुग कुठवर धरायचं ते पण ठरवून घ्या. युरोपवाले साधारण पंधराव्या शतकापर्यंत धरतात, आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र मराठेशाही संपूस्तोवर मध्ययुगच चालू असतं. आपला हिशोब धरला तर तोड्याची बंदूक, जंबुरा म्हणजे लहान तोफ, उंटावरची शुतरनाळ, हत्तीवरची गजनाळ, बांबूला लोखंडी नळी बांधून उडवायचे बाण हे सगळं कोड्यात येतं, अन् ते यावं असं मला तरी वाटतं. तुमच्या कोड्यात तोफ सोडली तर यातलं काहीच नव्हतं.

अन् दांडपट्टा! २०२४ साली आपल्या राज्य सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला, शिवजयंतीच्या मिरवणुकीत गावोगाव पोरं पोरी पट्टा फिरवतात, अन् महाराष्ट्रातल्या पेपरच्या शस्त्रांच्या कोड्यात दांडपट्टा नाही. मी आधी चिडलो, मग पेन घेऊन बसलो तर कारण सापडलं. दां-ड-प-ट्टा. चौथं घर ट्टा. आता या ट्टा वरून उभा शब्द काढायचा म्हणजे थट्टा, बट्टा, सट्टा असलं काहीतरी पाहिजे, अन् कोडं तयार करणाऱ्यानं तेवढा घाम गाळला नाही. मराठी कोड्याची खरी मेख इथं आहे. इंग्रजीत एका घरात एक सुटं लेटर, पी काय अन् आर काय कुठंही बसतं. १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या पेपरात आर्थर विन नावाच्या माणसानं पहिलं शब्दकोडं छापलं, शंकरपाळीच्या आकाराचं, त्याच्यात काळी घरं पण नव्हती, त्याला हे सुटी लेटरं असल्यामुळं जमून गेलं. आपल्याकडं एका घरात अख्खं अक्षर, त्याच्या काना मात्रा वेलांटी अनुस्वारासकट, अन् जोडाक्षर असलं तरी घर एकच. म्हणजे आडव्यात वा आला तर उभ्यात पण वाच पाहिजे, नुसता व चालत नाही.

म्हणून कोडं तयार करणारे कट्यार, गुप्ती, गुर्ज, धनुष्य असले शब्द टाळतात अन् तलवार, चिलखत, कमान, गोफण हेच फिरवून फिरवून आणतात. पण टाळायची गरज नाही हो. मी नुसत्या एका दुपारच्या लोडशेडिंगमधी काढलेल्या जोड्या सांगतो. कट्यार मधल्या ट्या वरून खट्याळ उभा घ्या. गुप्ती असंल तर तृप्ती, प्राप्ती, समाप्ती लागंल तेवढे. धनुष्य असंल तर शिष्य, मनुष्य, भविष्य. अन् गुर्जला आडवं जायला काय सापडलं सांगू का, कर्ज अन् अर्ज. मराठवाड्यातल्या माणसाला हे दोन शब्द सुचायला डोकं खाजवावं लागत नाही.

शब्दांचा साठा कमी पडतो म्हणावं तर तसं पण नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला त्याच्यात शस्त्रवर्ग म्हणून वेगळा भागच आहे, नुसता तो जरी चाळला तरी वर्षभर पुरंल. अन् कारखान्यातले शब्द पण घ्या की. मूठ, परज म्हणजे मुठीवरची बोटांची आड, म्यान, ऐरण, घण, भाता. भाता तर दोन अर्थी, बाणांचा पण अन् लोहाराचा पण, असला शब्द म्हणजे कोडं घालणाऱ्याला लॉटरीच. पोलाद घ्या. नांदेड ओलांडून तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम म्हणून गाव आहे, तिथलं पोलाद एके काळी इराणी व्यापारी येऊन घेऊन जायचे अन् त्याच्या तलवारी व्हायच्या, पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटायची, तिला जौहर म्हणतात. जौ-ह-र, तीन घरं. अन् पात्याला पाणी देणं म्हणजे लाल तापवून एकदम गार करणं, त्यानं धार टणक होते पण जास्त झालं की पातं काचेगत तडकतं, म्हणून परत हलकं तापवून जरा नरम आणतात. आम्ही छिन्नीला आजही तेच करतो. खंडेनवमीला आमच्या दुकानात वेल्डिंग मशीन, ग्राइंडर अन् घण यांना हळदीकुंकू लागतं, त्या दिवशीच्या पुरवणीला असलं कोडं आलं तर दुकानादुकानात पेपर फिरंल.

आता लेकरांच्या पानावरच्या गाळलेल्या जागांबद्दल. मी ते पान नातीला दिलं, चौथीत आहे. तिनं पहिलंच बघून विचारलं, आजोबा हा टिंबांचा गोल काय आहे. बघतो तर कट्यार मधला य गाळताना कॉम्प्युटरवर नुसता य खोडला अन् त्याचा काना तसाच लोंबकळत राहिला, कानाला टेकायला अक्षर नाही म्हणून कॉम्प्युटरनं आपल्या मनानं टिंबांचा गोल काढला. तिसऱ्या जागेवर तर अनुस्वार एकटाच हवेत. लेकराला वाटलं हे पण एखादं हत्यारच आहे. हे छापायच्या आधी कुणी नजर टाकली असती तर कळलं असतं. गाळायचं तर अख्खं अक्षर गाळा, कानामात्रेसकट, अन् सोपं करायचं असंल तर शेजारी कंसात मदत द्या की इथं काना आहे, इथं जोडाक्षर आहे.

दुसरं म्हणजे कोणतं अक्षर गाळायचं यात पण डोकं लागतं. 'त _ वा र' दिल्यावर लेकरू न वाचताच भरतं. उलट '_ _ र' दिल्यावर मोठ्या माणसाला पण येत नाही, खंजीर, कट्यार, कमर, दप्तर काहीही भरा. मधलं जोडाक्षर गाळावं अन् वाक्य असं द्यावं की वाक्यातूनच उत्तर सुटावं. 'अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी हाताच्या पंजात _ _ _ _ लपवली होती', १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड, चार घरं, कुठलंही लेकरू सांगंल. पण त्याच्या पुढचं वाक्य असं द्या की वाघनखाला दोन टोकांना दोन _ असतात, त्याच्यात बोटं जातात अन् नखं मुठीच्या आत राहतात. आता त्याला विचार करावा लागतो की हे अडकवतात कसं. लंडनच्या म्युझियममधली वाघनखं २०२४ साली साताऱ्याला आणली तेव्हा आमच्या इकडचे किती तरी लोक गाड्या करून बघायला गेले, पण काचेतून बघून परत आलेल्या चार जणांना विचारा की ती नखं हाताच्या आतून असतात का बाहेरून, दोघं चुकीचं सांगतील.

आमच्या घरी आम्ही एक खेळ काढलाय तो सांगतो, पटला तर लेकरांच्या पानावर घ्या. शाळेतली लेकरं वहीच्या मागं फाशीचा खेळ खेळतात, शब्दाची घरं आखायची, समोरच्यानं अक्षर ओळखायचं, चुकलं की माणसाचं डोकं, हात, पाय काढत न्यायचं अन् शेवटी फाशी. मला ते बघवत नाही, लेकराच्या हातानं रोज एक माणूस फासावर. मग आम्ही त्याच्याजागी तोफ काढतो. पाटीवर नुसती तोफ. पहिली चूक झाली की नळी ओल्या बोळ्यानं पुसली, कारण आतली जुनी ठिणगी विझली नाही तर दारू घालणाऱ्याचाच हात जायचा. दुसऱ्या चुकीला दारू घातली. तिसरीला गजानं ठासली. चौथीला गोळा. पाचवीला मागच्या बत्तीच्या भोकात रंजक म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू भरली. सहावीला बत्ती, अन् धडाम, समोरचा हरला. नातीला तोफ कशी भरायची त्याचा क्रम झोपेत विचारा, शिकवायला काही लागलं नाही. अन् मराठीत अक्षरं एवढी, वर बाराखडी, मग सहा चुकांत कसं भागणार म्हणाल, तर नियम असा की आधी नुसतं व्यंजन ओळखायचं, क आहे का, ट आहे का, मग काना मात्रा वेलांटी साठी एक वेगळी संधी, अन् जोडाक्षर असंल तर घराच्या डोक्यावर बारीक टिंब देऊन आधीच सांगायचं. बायको म्हणते बत्ती माझ्यावरच का पडते दर वेळी, तिला सांगितलं तू दर वेळी क्ष पासून सुरू करतीस म्हणून.

तोफेवरून आठवलं. शस्त्रांचं कोडं छापणारा पेपर मराठवाड्यात खपतो अन् कोड्यात मराठवाडा औषधाला नाही, हे मात्र मनाला लागलं. साहेब, मुलूखमैदान तोफ लोक विजापूरला जाऊन बघतात, पण ती १५४९ साली अहमदनगरला ओतली अन् कितीतरी वर्षं आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती, १६३२ ला तिथनं विजापूरला नेली. पंचावन्न टनांच्या आसपास वजन, तोंडाशी जबडा वासलेलं जनावर अन् त्याच्या जबड्यात हत्ती. ते ओझं परंड्याहून विजापूरपर्यंत बैलांनी अन् माणसांनी कसं ओढलं असंल याचा विचार आला की मला झोप येत नाही, आमच्याकडं दोन टनाचं गेट उतरवायचं तर क्रेनवाल्याला तीनदा फोन करावा लागतो. मु-लू-ख-मै-दा-न, सहा घरं, एवढा लांब अन् देखणा शब्द कोड्याच्या मधोमध आडवा टाकला की सगळं कोडं त्याच्यावर उभं राहतं. देवगिरीला मेंढा तोफ आहे, तिचं दुसरं नाव किल्लाशिकन, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं, जवळ जाऊन बघा, शिंगांचा पीळ सुद्धा ओतकामात काढलाय. नळदुर्गला उपळी बुरुजावर चढून गेलं की वर मोठ्या तोफा आहेत, लोक त्याच्यावर बसून फोटो काढतात. उदगीरला १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पाडाव केला तो बऱ्याच अंशी इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यावर, गारदी म्हणजे कवायती शिपाई, गा-र-दी, तीन घरं. नांदेडला हुजूर साहिबमधी गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं आहेत, अन् निहंग म्हणजे शस्त्रधारी शिखांच्या पगडीवर लोखंडी चक्र दिसतं ते नुसतं शोभेचं नाही, बाहेरून धार लावून फेकायचं हत्यार आहे ते. माळेगाव अन् अणदूरच्या खंडोबाचा खांडा तर घरोघर माहिती. अन् हो, खांडा का खंडा, दोन्ही लोक लिहितात, जेजुरीला दसऱ्याला ४२ किलोचा उचलतात त्याला तिकडं खंडाच म्हणतात, तर दोन्ही उत्तरं बरोबर धरा, नाहीतर बक्षिसाच्या सोडतीत भांडणं लागतील.

लेकरांच्या पानासाठी किल्ल्यावरचे शब्द पण घ्या. तटाला बारीक तिरप्या भोकांच्या जंग्या असतात, आतल्याला खालचा माणूस दिसतो अन् खालच्याला आतला दिसत नाही. दरवाजावर लोखंडी खिळे असतात ते हत्तीनं डोकं लावून दार फोडू नये म्हणून. जंग्या, खंदक, बुरूज, चर्या म्हणजे तटावरचे दातेरी कठडे. औशाच्या किल्ल्यात आमच्या इथली लेकरं नेहमी जातात, त्यांना भिंतीतली ती भोकं कबुतरांसाठी केलेली वाटतात. एका गाळलेल्या जागेनं काम होईल.

नुसती टीका केली असं नको म्हणून माझ्या काही सूचना पाठवतो, वापरल्या तर आनंद आहे, नाव छापायची गरज नाही. पोट भरलं की ओकते अन् ओकली की गड हलतो, दोन घरं. मार सगळ्यांचा खाते पण वार एक करत नाही, दोन घरं. हे रिकामं दिसलं की लढाई सुरू झाली समजावं, दोन घरं, पहिलं जोडाक्षर. मनगट वळत नाही, खांदा फिरतो अन् समोरचा लांब उभा राहतो, चार घरं. परंड्याहून निघाली ती विजापूरला जाऊन बसली, सहा घरं, हे तर वर सांगूनच बसलोय. कर्जाला आडवं गेलं अन् चिलखताचा चुरा केला, दोन घरं. तोंडातून आग अन् मागं मेंढ्याचं डोकं, देवगिरीवर, चार घरं. पाऊस आला की मुकी होते, कारण तिची पेटती दोरी विझते, तीन घरं अन् आधी 'तोड्याची' हे दोन शब्दांतलं पहिलं तुम्हीच देऊन टाका, नाहीतर लोक शिव्या देतील.

घरं जरा मोठी छापा एवढी विनंती, जोडाक्षर लिहायला पेनाचं टोक मावत नाही अन् चाळिशीच्या पुढचे लोकच कोडं सोडवतात. उत्तरं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलीत. ती पुढच्या रविवारीच छापा, त्याच पानाच्या तळाला उलटी छापू नका, आमच्या दुकानातला पोरगा पेपर उलटा धरून वाचतो.

आपला नेहमीचा वाचक,
औसा, जि. लातूर